दोन मोडक्या फळ्या

माझ्या दोन्ही मुलांकडे पतंगाच्या ओढीने मैदानभर पळणारी चाकांची फळी आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी थोरल्याच्या फळीचा पुढचा ट्रक, म्हणजे चाकांचा दांडा, मोडला, धाकट्याचा मागचा. एकेकाळी एकाच सायकलवर डबलसीट हुंदडणारे हे दोघे वर्षभर एकमेकांशी बोललेले नव्हते.

“फळी जाळेन, पण त्याला देणार नाही,” थोरला मला म्हणाला.

“मला त्याचा स्क्रूसुद्धा नको,” धाकट्याने मलाच ऐकवलं.

मी पाना घेतला, दोन्हींची मिळून एक धड फळी केली आणि त्यांच्या बहिणीला दिली. ती शर्यतीत पहिली आली.



संध्याकाळी थोरला धाकट्याकडे वळून म्हणाला, “आईचं डोकं फिरलंय.”

“अगदी बरोबर बोललास, दादा.”