पान्हा

पोर टाहो फोडतंय आणि सून निवांत वेणी घालतेय, हे हौसाबाईंना बघवेना.

"स्वरूपा, लाज आहे का?"

"पाजून बघितलं, आई. दूध उतरतच नाही," सून संथपणे म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, तू ठणठणीत आहेस."

बाळंतपणात तिच्या दंडात बसवलेली चकती ताप, साखर, धडधड सगळं जागच्या जागी ठेवायची. हौसाबाईंनी तिची छाती चाचपली. दुधानं ती दगडासारखी टणक झाली होती, पण आतलं काळीज पोराच्या रडण्यानं जरासुद्धा हलत नव्हतं. पान्ह्याची उसळीही चकतीनं बिघाड समजून दाबली होती. पोराचे ओठ सुकले होते.

"ठणठणीत तर माझा पाटाही आहे, त्याला फुटतो का पान्हा? चल, काढून घे ती चकती. लेकरू रडलं की आईचं अंग बिघडलंच पाहिजे!"