लेखकानं न दाखवलेला भाग

"हा लेखक झोपेत लिहितो," सासूबाईंनी निकाल दिला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "आता बघ. ती सासू दारात आडवी उभी राहणार, पदर तोंडाला लावून रडणार, आणि ही बावळट भरल्या डोळ्यांनी मागे फिरणार."

पडद्यावर तसंच झालं. दारात सासू रडली. विधवा नायिका मागे फिरली. तिला जीव लावणारा डॉक्टर जिन्यात एकटाच उभा राहिला आणि संगीत सुरू झालं.

"सांगितलं होतं ना?" सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंची उमेदीची वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासण्यात गेली होती. सैल टाका त्यांच्या बोटांना न बघता कळायचा. काम सुटल्यावर ती नजर मालिकांवर आली. जिन्यात भेटलेल्या बायका त्यांना "पुढे काय होणार हो?" म्हणून विचारायच्या आणि त्या भाजीची पिशवी खाली ठेवून पुढचा आठवडा सांगून टाकायच्या. बहुतेक वेळा तसंच व्हायचं. नाही झालं, तर चूक लेखकाची.

सून ओट्यापाशी भाजी चिरत होती. मुलगा गेल्यापासून त्या दीड खोलीत दोघीच राहत होत्या. सून चष्म्याच्या दुकानात कामाला जायची, संध्याकाळी यायची, आणि मग मालिका दोघींच्या मिळून असायच्या. सासूबाई बघायच्या आणि सून सासूबाईंचं ऐकायची.

"मग तिनं काय करायला हवं होतं?" सुनेनं विचारलं. तिची सुरी थांबली होती.

"लग्न! दुसरं काय? नवरा गेला यात तिचा काय गुन्हा? आणि ती सासू बघ, काय मेली कपाळाला आठ्या घालून बसलीय. अशा सासवा फक्त टीव्हीवर असतात. खरी सासू असती तर तिनंच पुढाकार घेतला असता. माझ्या हातात असतं ना, तर पहिल्याच भागात उरकून टाकलं असतं!"

सून हात पुसत बाहेर आली. कितीतरी महिने एक वाक्य तिच्या जिभेवर येऊन परत जात होतं.

"आई, मला लग्न करायचंय. आमच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवतो ना, त्याच्याशी."

टीव्हीवर जाहिरात लागली होती. सासूबाई ती साबणाची जाहिरात शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"भाजी चिरायची राहिलीय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लागला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्यातल्या बायकांना सासूबाईंनी डोळे दुखतात म्हणून सांगितलं. घरात बोलणं कामापुरतं उरलं. सून मनातल्या मनात चिडली. दुसऱ्याच्या सुनेचं लग्न लावायला काय जातं? मग चिडल्याचंच तिला वाईट वाटलं. मुलाच्या जागी दुसरं कुणी, हे कुठल्या आईला सहज पचेल? जेवणाच्या सुट्टीत ती त्याला म्हणाली, "आईंना नाही पटलं." तो चष्म्याची काच फडक्यानं पुसत म्हणाला, "मग थांबू. घाई कुणाला आहे?"

पण सुट्टीच्या दिवशी सुनेलाच राहवेना. दोघी वाळलेल्या चादरीची घडी घालत होत्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन टोकं तिच्याकडे. मध्ये ताणलेली चादर.

"आई, त्यांची जागा कुणी घेणार नाही. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर..."

"त्याचं नाव मध्ये आणू नकोस," सासूबाईंनी चादर झटकली. "माझा मुलगा मला रोज आठवतो. त्यासाठी तू झुरत बसायची गरज नाही. बोलले ते मनापासून बोलले. लग्न कर. माणूस बरा असेल तर खुशाल कर."

सुनेनं विचारलं, "मग हा अबोला कशासाठी?"

सासूबाईंनी चादरीची टोकं जुळवली, पुन्हा सोडली, पुन्हा जुळवली.

"विचार करत होते. आजवर बघितलेल्या सगळ्या मालिका आठवून बघितल्या. सुनेचं दुसरं लग्न झालेल्या चार-पाच निघाल्या. शेवटच्या भागात सगळे हसतात, गळ्यात पडतात, सासू आशीर्वाद देते. गाडी निघते आणि संपतं." त्यांचा आवाज खाली आला. तीन मजले ऐकू जाणारा तो आवाज आता चादरीच्या या टोकापर्यंत जेमतेम पोचत होता. "पण गाडी गेल्यावर ती सासू घरात जाऊन काय करते, ते एकाही लेखकानं दाखवलेलं नाही गं."

सून चादर धरून पुढे आली. टोकाला टोक मिळालं. आता दोघींमध्ये वीतभर अंतर होतं.

"आई, त्यानं पहिल्यांदा विचारलं ना, तेव्हाच मी सांगितलं होतं त्याला, आम्ही दोघी आहोत. तिघांना पुरेल असं घर मिळेपर्यंत तुमच्यापाशी विषय काढायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. ते आत्ता कुठे मिळालं, म्हणून तर तुम्हाला सांगायला इतका उशीर झाला."