पाय कुठे?

"डोळे मिटा, बाबा. आणि मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत हं."

सासऱ्यांनी डोळे मिटले. समोरच्या स्टुलावर ठेवलेले त्यांचे पाय मात्र स्वस्थ नव्हते. संध्याकाळचे सात वाजले की त्यांच्या पोटऱ्यांत मुंग्यांचं वारूळ फुटायचं. मग पाय झटकणं, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या, गार पाण्याची बादली. दुपारनंतरचा चहा बंद झाला होता. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, झोपण्याआधीची एक वेगळीच. पाय काही केल्या ऐकत नव्हते.

"बघ कसे नाचतायत," ते म्हणाले. "या वयात कुणाचे पाय इतके जिवंत असतात का, सूनबाई?"

तिला हसू आलं नाही. कपड्यांच्या ब्रशमधून उपटलेली नायलॉनची एक कडक काडी तिने चिमटीत धरली होती. आणि टेबलावर चिमीच्या, तिच्या लेकीच्या, बिल्ल्याची सेफ्टी पिन पडली होती. तासाभरापूर्वी ती तिला सासऱ्यांच्या बुटात सापडली. उघडी. मोज्यावर रक्ताचा डाग वाळून काळा पडला होता. ते बूट त्यांनी सकाळी सहाला चढवले होते. मध्ये सकाळची शाळा झाली, दुपारची झाली, बावीस मुलं घरून उचलून परत घरी सोडून झाली.

"टोचलं नाही तुम्हाला?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"टोचलं की. पण गाडीत पोरं बसलेली. बूट काढून बघत बसू?"

उत्तर बिनचूक होतं. तिला बिनचूक उत्तरांचीच धास्ती वाटायची. लेकीला ताप नसतानाही कपाळाला हात लावून बघणारी ती. नवरा म्हणायचा, हिला काळजी करायला कारण लागत नाही, कारणच हिचा पत्ता विचारत येतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. पायांची ही तगमग वेगळी, आणि तळव्यांच्या नसा कमजोर होणं वेगळं. जुना मधुमेह असला की दोन्ही एकाच माणसाच्या नशिबी येऊ शकतात. "म्हणजे दोन सवती एका घरात," सासरे म्हणाले होते, आणि डॉक्टरही हसले होते. मग डोळे मिटायला सांगून त्यांनी तळव्याला नायलॉनची बारीक तार टेकवली. टेकली की "लागलं" म्हणायचं. सासऱ्यांना दहापैकी दहा मिळाले. गाडी चालवायला हरकत नाही, असा सहीशिक्क्याचा कागद हातात पडला. उद्या सकाळी तो शाळेत द्यायचा होता.

शाळेची व्हॅन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बत्तीस वर्षं चालवली, कुणाला साधा ओरखडा नाही. त्यांच्या शेजारची सीट चिमीची, तिच्या हक्काची. दोघांचा तिथे एक खेळ चालायचा. आजोबा मध्येच विचारायचे, "पाय कुठे?" चिमी वाकून बघायची आणि ओरडायची, "ब्रेकवर!" मागची पोरं टाळ्या पिटायची. घरीसुद्धा तेच. जेवताना त्यांनी विचारलं की ही टेबलाखाली डोकं घालून सांगायची, "उड्या मारतोय!"

तिने एका हाताने त्यांचा उजवा घोटा घट्ट धरला आणि अंगठ्याला काडी टेकवली.

"लागलं."

करंगळीच्या खाली. "लागलं."

टाच. "लागलं."

आठ झाले. नवव्या वेळी तिने काडी पिनेच्या जखमेला अगदी लागून टेकवली. "लागलं." तिच्या छातीवरचा दगड हलला. उगीच म्हाताऱ्या माणसावर संशय घेतला, असं वाटून तिला स्वतःचीच लाज वाटली. आता एकदाच, मग हळद लावून पाय बांधून टाकू.

"आई, माझा खोडरबर कुठंय?" आतल्या खोलीतून चिमी ओरडली.

तिने मान वळवली. काडी हवेतच राहिली.

"लागलं," सासरे म्हणाले.

ती जागच्या जागी थिजली. मग आवाज न करता तिने काडी टेबलावर ठेवली. हात मांडीवर घेतले. त्यांची छाती वर झाली, खाली झाली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"लागलं."

दोन श्वासांना एक "लागलं". डॉक्टरांचा हातही त्याच ठेक्यात चालला होता.

"उघडा डोळे, बाबा."

त्यांनी उघडले. तिचे रिकामे हात पाहिले. पिनेशेजारी पडलेली काडी पाहिली. पाय अजून झटके देत होते, पण चेहऱ्यावरचा सगळा मिस्कीलपणा ओसरला होता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील." त्यांचा आवाज खोल गेला. "पोटऱ्या जगू देत नाहीत, आणि खाली काहीच नाही गं. तळवे कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे."

"अहो, बावीस मुलं! आपली चिमी!" तिचा आवाज चिरकला. "ब्रेकवर पाय पडलाय की नाही, हे कळतं तरी कसं तुम्हाला?"



खोडरबर शोधत चिमी दारात येऊन उभी राहिली होती. आईला एवढी साधी गोष्ट माहीत नाही, याचं तिला नवल वाटलं.

"मी सांगते ना त्यांना."