भिंतीवरची आई

"जरा कमी हसा, आजी. तुम्ही गेलेल्या आहात," फोटोग्राफर म्हणाला.

कालिंदीबाईंनी ओठ मिटले. पाच वर्षांनी मिळालेलं काम होतं, नायकाच्या दिवंगत आईचं. म्हणजे भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो. एके काळी त्या पडद्यावर इतक्या सावकाश मरायच्या, की डोअरकीपरसुद्धा आत येऊन उभे राहायचे. आता फोटो निघाला की घरी जायचं होतं, आणि पुन्हा कोणी बोलावेल असं नव्हतं. त्या गेल्या नाहीत. सेटवरच खुर्ची ओढून बसल्या.

दुपारी नायक फोटोसमोर उभा राहिला आणि त्याला रडूच येईना. ग्लिसरीनने डोळे नुसते लाल झाले. कालिंदीबाई उठून कॅमेऱ्याशेजारी आल्या. "जेवलास का रे?" एवढंच म्हणून त्याच्याकडे बघत राहिल्या. नायकाचा चेहरा वाकडा झाला. शॉट ओके झाला.

दिग्दर्शक आभार मानायला आला.

"ते राहू दे," कालिंदीबाई म्हणाल्या. "ही आई गेली कशाने?"

"तसं काही लिहिलेलं नाही, बाई."

"मग प्रेक्षकांनी रडायचं कशावर?"

दिग्दर्शकाने नायकाकडे पाहिलं. तो अजून नाक पुसत होता. दिग्दर्शकाने लेखकाला हाक मारली.

संध्याकाळी कालिंदीबाईंनी भावजयीला फोन केला. "सोमवारी मी काविळीने जातेय," त्या म्हणाल्या. "चांगले दोन-तीन दिवस लागतील. डबा पाठवत जा."