कागदाचा खर्च घेणाऱ्याचा

"कागदाचा खर्च घेणाऱ्यानंच सोसायचा. म्हैस विकली तरी दावं घेणारा आणतो, न्हवं?" हरणाबाई म्हणाली.

धैर्यशील गालात हसला. रहिमतपुरातलं हे घर त्याला हवंच होतं, भिंतीला भिंत लागून त्याचं खताचं दुकान. पण घर सासऱ्यामागं हरणाबाईच्या नवऱ्याच्या, भाऊसोच्या नावावर चढलेलं. आणि भाऊसो वीस वर्षांमागं मेंढरं घेऊन कोकणात उतरला, तो पुरात गेला. मढं काय घावलं न्हाई. हरणाबाईनं पुतळा करून जाळला, तेरावं घातलं, अख्ख्या आळीला जेवू घातलं.

"मावशी, पुतळ्याचा दाखला निघत न्हाई म्हणतोय वकील. भाऊसो गेला असा कोर्टाचा हुकूम पाहिजे. त्याबिगर बँक कर्ज देईना."

"मग आण की हुकूम. खर्च तुजा."

तिचा एकुलता लेक बिरदेव कोपऱ्यात बसलेला. सांगलीला नोकरीला. त्याच्या दोन खोल्यांत अडचण, म्हणून हरणाबाई तिकडं कधी गेली नव्हती. आता घर विकायचं, तिथं मोठी जागा घ्यायची आणि लेकाजवळ ऱ्हायचं, हे तिनं भावकीत कवाच सांगून टाकलेलं. भांड्यांची पोती बांधून तयार. पण कोर्टाचं नाव निघालं की बिरदेवाचं एकच तुणतुणं.

"लय खर्च येतोय, आये. ऱ्हाऊ दे घर."

"खिशात विंचू पाळलाईस व्हय रं? बापावरच गेलास. तुजा आबा बी असाच मुका, दोघांचं मलाच बोलायला लागायचं. आज जिता असता तर तुजी चिक्कूगिरी बघून पुन्यांदा पुरात उडी मारली असती."

धैर्यशीलला राहवलं नाही. "जाऊ द्या, मावशी. वकील, कोर्ट, पेपरातली नोटीस, समदं माज्याकडं. तुमी दोघांनी फकस्त शपथेवर लिहून द्यायचं, भाऊसो वारला म्हणून."

हरणाबाईची मान ताठ झाली. "बघ, भाड्या. सौदा असा करत्यात."

धैर्यशील वकिलाला फोन लावायला बाहेर गेला. बिरदेव घामानं भिजलेला.

"आता का तोंड पाडलंस? खर्च टळला की."

"मला शपथ घेता येत न्हाई, आये."

"का म्हणून?"

बिरदेव जमिनीकडं बघत बोलला. "कोर्ट नको, खर्च बी नको कुणाचा. आबा सवता येऊन सही करत्यात. धा वर्सं माज्याकडंच हायत. त्यांचं एकच म्हणणं हाय. घर विक, पैसं समदं तिला दे, पर तिला सांगलीला आणू नगंस."