उजेडाकडचा पाय

“पट्टा दिसत नाहीये,” कॅमेरावाला म्हणाला.

ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. उजव्या गुडघ्याला डॉक्टरांनी मांडीपासून पोटरीपर्यंत जाड पट्टा बांधला होता. पण उजवा पाय भिंतीकडे होता आणि खिडकी डावीकडे. सगळा उजेड धडधाकट पायावर पडत होता.

“मग तिला उलटं बसू दे की,” तिची आई म्हणाली.

“मागची पदकांची फळी जाते मग, मावशी. साहेबांनी खास सांगितलंय, पदकं आणि गुडघा एकत्र दिसले पाहिजेत.”

साहेब म्हणजे तिचा मामा. भाची देशाकडून धावायला लागल्यापासून लोक त्याला साहेब म्हणत. लोकांनी भाचीसाठी आणलेली संत्री तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सोलत होता आणि बिया पट्ट्याच्या रिकाम्या खोक्यात थुंकत होता. संत्री, मलम आणि घाम मिळून खोलीला आंबूस वास सुटला होता.

“सोपं आहे,” मामा म्हणाला. “पट्टा सोडा नि डाव्या पायाला बांधा.”

तिनं पट्ट्यावर हात ठेवला.

“मामा, दुखावलाय उजवा.”

“मला काय सांगतेस? जगाला सांग. सकाळी तू माघार घेतल्याची बातमी आली आणि दुपारपासून लोक काय बोलतायत, ऐकलंस ना? वावटळ घाबरली म्हणे. हरायच्या भीतीनं गुडघ्याचं सोंग घेतलं म्हणे. आज त्यांना गुडघा दाखवला नाहीस, तर जन्मभर हेच ऐकत बसशील.”

वावटळ हे तिला वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव. लोक काय म्हणतात ते तिनं ऐकलं होतं. जिच्यासाठी इतकी वर्षं घाम गाळला ती शर्यत गेली, ते तिनं कसंबसं गिळलं होतं. वर खोटारडी ठरणं घशाखाली उतरत नव्हतं.

“बांधा,” ती म्हणाली.

“अरे, डॉक्टरांनी बजावलंय,” आई भावाला म्हणाली. “पट्ट्याशिवाय हा पाय टेकायचा नाही. आतलं आणखी फाटलं तर धावणं कायमचं सुटेल.”

“टेकतेय कुठं, ताई? बसलीये की.”

आईनं पट्टा सोडला. आतला गुडघा सडक्या फळासारखा सुजला होता, कडेनं जांभळा, मध्ये पिवळा. आईचे डोळे भरून आले.

“थांबा, थांबा मावशी!” कॅमेरावाला ओरडला. “रडू आत्ताच नको. अजून चालू केलेलं नाही.”

आईनं मनगटानं डोळे पुसले. सुजलेला पाय चादरीखाली गेला. चांगल्या पायाला पट्टा चढला आणि उजेडात छान दिसू लागला.

“हां. आता मावशी, पट्ट्यावरून हात फिरवा. मायेनं.”

आईनं हात फिरवला. मग पुटपुटली, “दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.”

पोरीला खुदकन हसू फुटलं.

“हसू नका हो मॅडम. दुखतंय तुम्हाला.”

“दुखतंयच,” ती म्हणाली.

पुन्हा सुरू केलं. आता आईला रडू येईना. कॅमेरावाल्यानं मघाचं रडू परत मागितलं, पण ते मागून येणारं नव्हतं.

“ताई, आपले नाना गेले तो दिवस आठव,” फोड तोंडात टाकत मामानं सुचवलं.

आई वळली आणि भावाकडे नुसती बघत राहिली. चिखलात पाय पडल्यावर माणूस पायाकडे बघतो, तशी.

“हेही चालेल,” कॅमेरावाला म्हणाला. “संताप दिसतोय. लोकांना आवडेल.”

मग तो आरामात मागे सरकला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. “आता शेवटचं. मॅडम उठून हळूहळू खिडकीपर्यंत जातील, बाहेर बघतील. बास.”

“चालायचं?” आई उठलीच. “बसलीये म्हणालास ना रे मघाशी?”

“चार पावलं आहेत, ताई. चार पावलांनी काय होतंय? आणि पट्टा आहेच की पायाला!”

आईनं पट्टा नसलेल्या पायावरची चादर घट्ट खोचली.

पोर खिडकीकडे बघत होती. बाहेर गल्लीत दोघं-तिघं उभे होते, माना उंचावून. त्यातला एक गुडघा धरून लंगडायची नक्कल करत होता आणि बाकीचे खिदळत होते.

“पट्टा उजव्याला बांधा. मग चालते,” ती म्हणाली.

“आता?” मामा म्हणाला. “इतका वेळ डावा दाखवला आणि आता उजवा? सोंगच आहे म्हणतील मग.”

तिनं चादर बाजूला केली. आईच्या खांद्याला धरून उभी राहिली, मग तो खांदाही सोडला, कारण आई चौकटीत नको होती.

पहिलं पाऊल पट्ट्याच्या पायानं गेलं. दुसरं टाकताना सुजलेल्या गुडघ्यात आत काहीतरी सरकलं. आवाज आईलाही ऐकू आला. पोरीच्या तोंडाचा रंग उतरला, ओठ दातांखाली गेला, पण ती थांबली नाही. उजव्या कुशीवर झुकत, पाय ओढत, भिंतीला नखं रुतवत तिनं खिडकी गाठली.

कॅमेरावाल्यानं मान वर केली.

“नाही, नाही. पुन्हा करावं लागेल. पट्टा डाव्याला आहे, मॅडम, आणि तुम्ही लंगडताय उजव्या पायानं.”

मामानं बी खोक्यात थुंकली.

“एवढी जगभर धावलीस,” तो म्हणाला, “आणि साधं लंगडता येईना तुला?”