सगळीकडे सात

"कोण आहे ती, तेवढं सांग आणि खुशाल जा," हायनल्का म्हणाली.

चोंगोरने सुपातला चमचा उगाच फिरवला. "कुणी नाही."

हे उत्तर ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. पण आज त्याची बॅग भरून दाराशी उभी होती. रविवारचं जेवण उरकलं की एकच्या बसने तो माकोला, थोरल्या बहिणीकडे निघणार होता. किती दिवसांसाठी, ते विचारलं तर खांदे उडवायचा. बारा वर्षांचा संसार, आणि तो मोडायला कारण काय, तर कुणी नाही. चर्चची बाराची घंटा वाजून थांबली, तरी दोघांच्या ताटल्या भरलेल्याच होत्या.

दुसरी बाई असती तर हायनल्का भांडली असती. आजार असता तर उशाशी बसली असती. पण हा माणूस सहा महिन्यांपूर्वी, घोरतो म्हणून, मागच्या खोलीत झोपायला गेला तो परतलाच नाही. दाराला आतून कडी. सकाळी डोळे लाल, नजर जमिनीवर. तिने समजूत घातली, रडून पाहिलं, एकदा तर बशी आपटून फोडली. लोकांच्या मनातलं बाहेर काढायचा पगार घेणारी ही बाई स्वतःच्या नवऱ्यापुढे मात्र हात टेकून बसली होती.

"तुझ्या त्या प्रश्नावलीचं काय झालं?" चोंगोरने अचानक विचारलं.

हायनल्काला रडूच यायचं बाकी राहिलं. कित्येक आठवड्यांत त्याने आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. बोलता बोलता कदाचित तो बॅग विसरेल, अशी वेडी आशा तिला वाटली.

प्रश्नावली तिच्या संशोधन संस्थेची होती. इंटरनेटवर अश्लील व्हिडिओ पाहायची सवय माणसाच्या हाताबाहेर गेली आहे का, हे मोजणारी. त्या प्रश्नावलीचा वेबपत्ता छापलेली चिठ्ठी त्यांच्याच फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होती. भरणाऱ्याने नाव द्यायचं नाही, एखादं टोपणनाव घ्यायचं. थांबायचं ठरवूनही थांबता आलं नाही, असं किती वेळा झालं? पाहण्यापायी घरच्या माणसांपासून तुटलात का? असे अठरा प्रश्न. कधीच नाही असेल तर एक, सतत असेल तर सात. आणि या अठरांखेरीज मध्येच, तेराव्या जागी, एक सापळा: इथे फक्त दोन हा आकडा लिहा. माणूस खरंच वाचतो आहे की नुसता आकडे ठोकतो आहे, ते त्यावरून कळायचं.

"संपलं एकदाचं," ती म्हणाली. "शुक्रवारी छाननी केली. नऊशे चौदांतले अडतीस काढून टाकले."

"का?"

"अरे, काही लोक नुसती टिंगल करायला येतात. एक महाभाग तर अठराच्या अठरा प्रश्नांना सात देऊन मोकळा. आमच्या प्रमुख बोद्रोगी बाई म्हणाल्या, इतकं वाईट कुणाचंच नसतं, उडव त्याला."

"नसतं?"

"सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर म्हणजे न वाचता दिलेलं. आमचा नियमच आहे तसा." ती हसली. बोलत राहिलं पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. "आणि पठ्ठ्याला वेळ किती लागला म्हणतोस? पन्नास मिनिटं. बाकीच्यांचं आठ-दहा मिनिटांत उरकतं. पान उघडं टाकून जेवायला गेला असणार."

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. त्या माणसाच्या उत्तरांच्या ओळीत सापळ्याच्या जागी बरोबर दोन होता. तो पाहून तिचं बोट क्षणभर अडखळलं होतं. "बाई, याने वाचलेलं दिसतंय," असं ती म्हणालीसुद्धा. बोद्रोगी बाईंनी कोट चढवता चढवता सांगितलं, एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. साडेपाच वाजले होते. हायनल्काने कळ दाबली, ओळ गेली. तेव्हापासून ते मनाला टोचत होतं, आणि टोचणारं सांगायची ही वेळ नव्हती.

"टोपणनाव काय होतं त्याचं?" चोंगोरने विचारलं.

"गाळताना ते झाकलेलं असतं. ओळखीचं कुणी निघालं तर हात आखडायचा."

"हो. तेही खरंच."

त्याने चमचा खाली ठेवला. सूप गार होऊन त्यावर चरबीचा पांढरा पापुद्रा धरला होता. तो उठला, खुंटीवरचा कोट घेतला, बॅग उचलली. हायनल्का त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिली. स्वाभिमान वगैरे तिने केव्हाच गुंडाळून ठेवला होता.

"चोंगोर, मी पाया पडते तुझ्या. रागाचं असू दे, घाणेरडं असू दे. जाण्याआधी एक तरी खरं वाक्य बोल माझ्याशी."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तेराव्या जागी मी दोन लिहिलं होतं, हायनी."